चढणीच्या गावात सायकल घेताना

मुलगी आठवीत गेली, शाळा लांब पडू लागली, किंवा रायगडाच्या पायथ्याला एखाद्या हॉटेलात काम लागले, की घरात सायकलचा विषय निघतो. पाचाडला तो सोपा नाही. कोंझरकडून येणारा रस्ता चढणीचा आणि वळणांचा, कडेला खडी, पावसाळ्यात खड्डे. दुकानात मात्र नजर जाते ती जाड शॉकअपच्या, भडक रंगाच्या सायकलीवर. आरोग्याच्या पानावर सायकलची खरेदी कशाला, असे कुणी म्हणेल. पण चुकीच्या सायकलने गुडघे आणि कंबर धरतात, आणि ओल्या उतारावर तर जिवावर बेतते.

म्हणून आधी ब्रेक पाहा. स्वस्त सायकलींची रिम बहुधा लोखंडी, चकचकीत मुलाम्याची असते. कोरडी असताना ब्रेकचे रबर तिला धरते, भिजली की सटकते. अॅल्युमिनियमची रिम, म्हणजे दुकानदार जिला ‘अलॉय’ म्हणतात ती, ओलीतही पुष्कळ बरी धरते. ओळखायला खिशात लहानसे लोहचुंबक न्या. रिमला चिकटले तर ती लोखंडी. डिस्क ब्रेक पावसात चांगला, पण त्याची तार आणि पॅड वेळोवेळी जुळवून देणारा मिस्त्री जवळ असेल तरच घ्या. नाहीतर चार महिन्यांत तो नुसता शोभेचा उरतो.

दुसरी गोष्ट चढणीची. जुन्या उंच सायकलला पुढे 44 आणि मागे 18 दाते असतील, तर पॅडलच्या एका फेरीत ती सुमारे साडेपाच मीटर जाते. सपाटीला हे छान. घाटात तेवढे ओझे प्रत्येक फेरीला गुडघ्यावर येते. गिअरच्या सायकलवर पुढे 24 आणि मागे 28 दात्यांची जोडी लावली, तर एका फेरीत साधारण पावणेदोन मीटरच जायचे असते. वेळ जास्त लागतो, पण पाय भरून येत नाहीत. गिअर परवडत नसेल तर मागचे फ्रीव्हील जास्त दात्यांचे बसवून घ्या. कमी खर्चात बराच फरक पडतो. आणि चढावर उतरून ढकलण्यात कमीपणा कसला? गुडघा आपला आहे.

शॉकअपबद्दल माझे मत स्पष्ट आहे. स्वस्त सायकलीतला शॉकअप जड असतो, पावसात गंजतो, आणि चढावर जोर लावला की आपली थोडी ताकद त्याच्या खालीवर होण्यात जाते. खड्ड्यांचा धक्का रुंद टायर चांगला खातो. 26 इंची चाकाला 1.95 किंवा 2.1 इंच रुंदीचा टायर पुरे. टायरवर हवेची मर्यादा छापलेली असते, त्या मर्यादेतच पण कमी बाजूची हवा ठेवा. दगडासारखा टणक टायर खडीवर उडतो आणि तो हादरा मनगटाला आणि कमरेला बसतो.

आता मापाकडे या, कारण तक्रारी सगळ्यांत जास्त इथूनच सुरू होतात. दांडीच्या सायकलवर दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहा, दांडी अंगाला लागता कामा नये. मग सीटवर बसा, पॅडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला की सीटची उंची बरोबर. चवड्याने पॅडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहील. आपल्याकडे बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात. गुडघेदुखी तिथेच लागते. घरात एकच सायकल तिघे चालवत असतील तर सीटच्या नळीवर प्रत्येकाच्या मापाची रंगाची खूण करून ठेवा. करंगळी बधिर होत असेल तर हँडल थोडे वर घ्या.

‘मुलगी लहान आहे, पुढे वाढेल’ म्हणून मोठी सायकल घेऊ नका. जिच्यावरून पाय टेकत नाही, ती उतारावर तिला आवरणार नाही.

सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे. तेव्हा बिल मागा. वाचलेले पैसे मडगार्ड, मागचा लाल दिवा आणि ब्रेकच्या जादा रबरांवर घाला. जुनी सायकल घेत असाल तर चाक फिरवून आऊट आहे का पाहा, आणि फ्रेमच्या जोडांवर गंज किंवा चीर शोधा. जोडाला चीर दिसली तर कितीही स्वस्त मिळो, परत फिरा.