धूर कमी झाला म्हणजे

लहान मुलाची मोयामोयासाठी, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या अरुंद होत जाण्याच्या आजारासाठी डीएसए, म्हणजे मेंदूची अँजिओग्राफी असली की आमच्या कॅथलॅबमध्ये एक गोष्ट सगळ्यांना पाठ असते: मूल रडता कामा नये. यात मायेपेक्षा शरीरशास्त्र जास्त आहे. रडताना श्वास जोरजोरात होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. निरोगी मुलाला त्याने काही होत नाही. पण ज्याच्या मेंदूला रक्त आधीच जेमतेम पोचतंय, त्याचा हात तेवढ्यानेही लुळा पडू शकतो. म्हणून सुई टोचण्याआधी सुन्न करणारं मलम लावतात आणि भूल चढेपर्यंत आईला टेबलाशी थांबू देतात. पोट रिकामं ठेवलं तरी सलाइन चालूच असतं, कारण अंगातलं पाणी कमी होऊन चालत नाही.

एमआरआय आधी झालेला असतो. मेंदूच्या खोल भागात बारीक काळे ठिपके दिसतात. एरवी नजरेत न येणाऱ्या, आता फुगलेल्या वाहिन्यांचे ते छेद. निदान बहुतेकदा तिथेच होतं, या आजाराच्या जपानी निदान-निकषांनाही एमआर अँजिओ, म्हणजे एमआरआयनेच काढलेलं रक्तवाहिन्यांचं चित्र, चालतो. मग हा खटाटोप कशाला, असं नातेवाईक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. एमआर अँजिओला मंद प्रवाह नीट दिसत नाही, त्यामुळे अरुंद नळी तो बंद असल्यासारखी दाखवू शकतो. शिवाय रक्त कुठून येतं आणि किती उशिरा येतं, हे सर्जनला डोळ्यांनी पाहायचं असतं.

जांघेतून सरकवलेला कॅथेटर मानेतल्या कॅरोटिड धमनीत पोचतो. डाय सोडण्याआधीचं चित्र पुढच्या चित्रांतून वजा होतं; कवटी नाहीशी होते, वाहिन्या तेवढ्या उरतात. एरवी कॅरोटिडच्या टोकाला दोन ठसठशीत फांद्या फुटतात. इथे नळी निमुळती होत जाते आणि तिच्या वर धुराचा लोट उठल्यासारखं बारीक जाळं भरतं. सुझुकी आणि ताकाकू यांनी 1969 मध्ये मोयामोया हे जपानी नाव दिलं, ते या धुरावरूनच. आजाराची पहिली नोंद मात्र 1957 ची.

नवखा माणूस धूर दिसला की रन, म्हणजे चालू चित्रण, थांबवू पाहतो. मला ते पटत नाही. डाय शिरांत उतरेपर्यंत पेडलवरचा पाय उचलायचा नाही, कारण उशिरा भरणारा भाग शेवटच्या काही सेकंदांतच कळतो. मग मानेतून मेंदूच्या मागच्या बाजूला जाणारी वर्टिब्रल धमनी: मेंदूच्या मागच्या वाहिन्या पुढच्या भागाला किती हात देतात, ते तिथे दिसतं. एक्स्टर्नल कॅरोटिडचं, म्हणजे कॅरोटिडच्या कवटीबाहेर रक्त नेणाऱ्या शाखेचं, वेगळं इंजेक्शन तर टाळूच नये. कानापुढून वर जाणारी सुपरफिशियल टेम्पोरल धमनी मेंदूला बाहेरून रक्त पोचवणाऱ्या बायपास शस्त्रक्रियेसाठी लागते, तिची जाडी आणि वाट आधी ठाऊक हवी. कधी मेंदूच्या आवरणातल्या वाहिन्यांनी आपणहून आत रक्त न्यायला सुरुवात केलेली असते. कवटी उघडताना त्यातलीच एखादी वाहिनी कापली गेली तर असलेला आधारही जाईल.

फसगत होते ती धुराच्या मापाने. सुझुकींनी आजाराचे 6 टप्पे लावले. धूर तिसऱ्यात सर्वांत दाट असतो, मग विरळ होत जातो आणि सहाव्यात दिसत नाही. तोवर मेंदूत शिरणाऱ्या इंटर्नल कॅरोटिडचं काम जवळपास संपलेलं असतं. मेंदू एक्स्टर्नल आणि वर्टिब्रलच्या रक्तावर तगलेला असतो. म्हणजे जुन्या फिल्मपेक्षा नव्या फिल्मवर धूर कमी दिसला, तर हायसं वाटून घेऊ नये. आजार पुढे सरकलेला असू शकतो.

तेव्हा आईवडिलांना एवढंच सांगणं. रडल्यावर, फुगा फुगवताना, गरम घास फुंकताना मुलाचा हात गळाला किंवा जीभ अडखळली आणि काही मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, तर ‘नाटक करतोय’ म्हणून सोडू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना लवकर दाखवा, आणि एमआरआय करायचा ठरला तर सोबत एमआर अँजिओही करायचा का, हे त्यांना आठवणीने विचारा.