फायलींची गणती

इ. स. १८५८ च्या एप्रिलमध्ये इंग्रज फौजेने झाशी जिंकली, तेव्हा तेथील नेवाळकर राजघराण्याचा ग्रंथसंग्रहही उद्ध्वस्त झाला. त्या वेळी शहरात असलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ही हकीकत ‘माझा प्रवास’मध्ये नोंदविली असून, ते पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु नेमक्या किती पोथ्या गेल्या, हे केवळ वर्णनावरून सांगता येत नाही. त्यासाठी आधी केलेली आणि संग्रहापासून दूर ठेवलेली गणती हवी.

आज पोथ्यांची छायाचित्रे संगणकात ठेवली जातात. दप्तरखान्यात जसा रुमाल, तसा संगणकात फोल्डर. मात्र फोल्डरच्या पोटात आणखी फोल्डर असू शकतात. एका तबकडीवरून दुसरीवर नक्कल करताना काही फायली मागे राहिल्या, तर त्याचा मागमूसही दिसत नाही. म्हणून नकलेपूर्वी व नकलेनंतर गणती करणे इष्ट होय.

हे काम काही ओळींची आज्ञावली करते. प्रारंभी बेरीज शून्य मानावी. फोल्डरमधील एकेक नोंद पाहावी. ती फाइल असल्यास बेरजेत एक मिळवावा. फोल्डर असल्यास त्यात शिरून हाच क्रम पुन्हा करावा. सर्व नोंदी संपल्या की आलेली बेरीज हे उत्तर. पायथनसारख्या भाषांत अशा फेरफटक्याची तयार सोय आहे.

तथापि, ‘एक’ कशास म्हणावे हे माणसानेच ठरवावे लागते. लिनक्स प्रणालीत नावाआरंभी टिंब असलेल्या फायली एरवी दिसत नाहीत. त्या धरावयाच्या काय? दुसऱ्या जागेकडे केवळ बोट दाखविणारा दुवा मोजावा काय? तो आपल्याच वरच्या फोल्डरकडे नेत असेल आणि आज्ञावली त्यामागे गेली, तर ती त्याच वाटेने फिरत राहील. शिवाय शंभर पृष्ठांची छायाचित्रे म्हणजे शंभर फायली, पण पोथी एकच.

दोन्ही बेरजा जुळल्या म्हणजे सर्व सुखरूप आहे, असेही नव्हे. बिघडलेली फाइलही एकच मोजली जाते. त्याकरिता प्रत्येक फाइलीच्या आशयावरून पडताळ्याचा अंक काढून ताडून पाहतात. पण बेरजा जुळल्या नाहीत, तर काहीतरी चुकले हे निश्चित कळते, आणि मूळ प्रत हाताशी असतानाच कळते.