घटस्फोट आणि मुलांचा ताबा : न्यायालयाची वाट

ताडकळससारख्या गावातील कॅथलिक पती-पत्नी विभक्त होतात, तेव्हा ख्रिस्तसभेचे न्यायासन आणि देशाचे न्यायालय यांतील भेद जाणून घेणे अगत्याचे ठरते.

धर्मप्रांताचे न्यायासन विवाह मुळातच अवैध होता काय, हे तपासते. त्या निर्णयाने कायदेशीर विवाह संपुष्टात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले. केवळ त्याच्या आधारे पुनर्विवाह केल्यास द्विविवाहाचा गुन्हा घडू शकतो.

ख्रिस्ती दांपत्यांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. पूर्वी पतीच्या क्रूरतेसोबत व्यभिचारही सिद्ध करण्याची सक्ती पत्नीवर होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ती अट घटनाबाह्य ठरविली. २००१ च्या दुरुस्तीने उभयतांना समान कारणे व परस्परसंमतीचा मार्ग मिळाला.

घटस्फोटाचा दावा चालू असतानाही मुलांचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांविषयी अंतरिम आदेश मागता येतो. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली स्वतंत्र अर्ज करावयाचा असल्यास तो मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात करावा; मूल ताडकळसला राहत असेल, तर परभणी जिल्ह्यात. तेथे आई-वडिलांच्या हक्कापेक्षा मुलाचे हित श्रेष्ठ मानले जाते. समज आलेल्या मुलाची इच्छाही न्यायाधीश विचारात घेऊ शकतात.

वकिलाची फी परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते.

पती-पत्नीचे नाते तुटले, तरी माता-पित्याचे कर्तव्य संपत नाही. मुलाला लपवून ठेवणे वा दुसऱ्या पालकाविषयी त्याच्या मनात द्वेष पेरणे, यात हानी मुलाचीच होते.