कूपरेजची वाट

क्षेत्राला निघालेला यात्रेकरू आधी तेथले माहात्म्य ऐकतो आणि मगच वाट धरतो. माहात्म्य ठाऊक नसले तर देऊळ ही दगडांची रास आणि तीर्थ हे साधे पाणी. जुन्या क्रीडांगणांचेही तसेच असते. केवळ इमारत पाहावयास गेलेला मनुष्य निराश होऊन परततो. कथा ऐकून गेलेल्याला मात्र मोकळ्या मैदानातही पुष्कळ काही दिसते. मुंबईचे कूपरेज मैदान अशांपैकीच एक होय.

दादऱ्याच्या फुटबॉलप्रेमी माणसाला ही यात्रा अवघड नाही. वापीला येऊन गाडी धरली की सुमारे १७० किलोमीटरवर मुंबई सेंट्रल येते. तेथून लोकलने चर्चगेट गाठावे आणि पुढे पायी निघावे. महर्षी कर्वे मार्गाने दक्षिणेकडे चालू लागले म्हणजे डाव्या हाताला ओव्हल मैदान लागते. त्याच्या पलीकडे उच्च न्यायालय आणि राजाबाई मनोरा. ओव्हलवर एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या फलंदाजाजवळ उभा असलेला दिसतो. ही क्रिकेटची गर्दी मागे पडली की कूपरेज येते. हे नाव फुटबॉलने दिलेले नव्हे. कूपर म्हणजे लाकडी पिंपे बांधणारा कारागीर. एके काळी या बाजूस पिंपांचा कारखाना होता. तो गेला, नाव मात्र राहिले.

प्रथमदर्शनी पाहुण्याचा थोडा अपेक्षाभंग होतो. लंडनच्या वेम्बलीसारख्या ठिकाणी तिकीट काढले की मार्गदर्शक बरोबर येतो. खेळाडूंची खोली आणि मैदानात उतरण्याची वाट दाखवितो. कूपरेजवर असा थाट नाही. बेताचे प्रेक्षागार, कृत्रिम हिरवळ आणि भोवती शहराची वर्दळ, एवढेच नजरेस पडते. मग पाहावयाचे ते काय?

पाहावयाचे ते हे, की पाहुण्यांचा खेळ येथे आपला कसा झाला. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली आणि पहिला चषक वूस्टरशर रेजिमेंटच्या गोऱ्या सैनिकांनी जिंकला. पुढे कित्येक वर्षे हा चषक पलटणींकडेच फिरत राहिला. १९२३ साली मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने अखेर चषक जिंकला, आणि पुढच्याच वर्षी तो राखून पहिला विजय योगायोगाचा नव्हता हे दाखवून दिले. या स्पर्धेचे आणि कूपरेजचे नाते पुढे इतके जडले, की एकाचे नाव घेताच दुसरे आठवावे.

यानंतरचे पर्व हैदराबादचे. सय्यद अब्दुल रहीम यांनी तयार केलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक आपल्याकडे ठेवला. याच रहीम यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा संघ चौथा आला. तेथे ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविणारा नेव्हिल डिसोझा हा मुंबईच्या मैदानांवर वाढलेला खेळाडू होता. वांद्र्याच्या एका फुटबॉल मैदानाला आज त्याचे नाव आहे.

दादऱ्याच्या पाहुण्याने यांतले १९५४ हे साल विशेष ध्यानात ठेवावे. त्या वर्षीच्या २२ जुलैला दादरा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाला, २ ऑगस्टला सिल्वासा. तोवर दादऱ्याहून मुंबईला जाणे म्हणजे एका सत्तेतून दुसऱ्या सत्तेत जाणे होते. हैदराबादने पाचव्यांदा चषक उचलला तो त्याच वर्षी. ज्या वाटेवर आज कोणी अडवीत नाही, ती वाटही कधीतरी जिंकावी लागली होती, हे कूपरेजकडे चालताना आठवले तर प्रवासाला वेगळाच अर्थ येतो.

मैदानाच्या काठाशी उभे राहून अंतरांचाही अंदाज घ्यावा. आंतरराष्ट्रीय सामन्याचे मैदान सर्वसाधारणपणे १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असते. गोलाचे खांब ७.३२ मीटर अंतरावर, वरची दांडी २.४४ मीटर उंचीवर, आणि पेनल्टीची जागा ११ मीटरवर. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर हे सारे लहान भासते. काठावरून पाहिले म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुनःपुन्हा धावणे ही काय चीज आहे ते कळते. त्यातून जुने खेळाडू पुष्कळदा अनवाणी खेळत. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०–१ असे हरविले आणि त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले.

रोव्हर्स चषक २०००–०१ नंतर खेळला गेलेला नाही. ज्या स्पर्धेने मैदानाला नाव दिले ती गेली, मैदान राहिले. पिंपांच्या कारखान्याप्रमाणे फुटबॉलचेही येथे नुसते नावच उरू नये, असे ज्याला वाटते, त्याने मोकळे मैदान पाहून परतू नये. आधी चौकशी करावी आणि सामना असेल तोच दिवस धरावा. खेळणारी मुले अनोळखी असतील, प्रेक्षक थोडे असतील. तरी शेवटची शिटी होईपर्यंत बसावे. क्षेत्राला लोक येत राहतात म्हणूनच ते क्षेत्र राहते. वापीची गाडी नंतरही मिळते.