आधी कळू दे

लोंढ्याला पाऊस सकाळपासून उघडायचं नाव घेत नाही. कॅसलरॉककडून आलेली मालगाडी स्टेशनात तुंबून उभी आहे. आत्या सोप्यात परात घेऊन तांदूळ निवडतेय. तिच्या पुढ्यात तिच्या लेकीचा मुलगा, दहा वर्षांचा, काचेच्या ग्लासात गोळी विरघळवतोय. ढवळतो, एका दमात पितो, तोंड वाकडं करतो. तळाला पांढरा गाळ उरतो. त्यात घोटभर पाणी घालून ग्लास गरगर फिरवतो आणि तेही पिऊन टाकतो. पोहे समोर झाकून ठेवलेत, पण अर्धा तास हात लावायचा नाही हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

त्याला थॅलेसेमिया मेजर आहे. दर तीन आठवड्यांनी बेळगावला जाऊन रक्त चढवायचं. प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येतं. ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, मग ते हृदयात नि यकृतात साचत जातं. ही गोळी ते काढण्यासाठी. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या हिशेबाशेजारी निळ्या पेनानं ‘र’ काढलेत, ते त्याचे रक्ताचे दिवस. हल्ली दर सोमवारच्या चौकटीत लाल आकडेही दिसतात : ९, १०, ११. ते माझ्या धाकट्या बहिणीचे आठवडे.

बहीण आत्याच्याच मुलाला दिलेली. मामाची मुलगी करून घेणं आमच्या भागात नवलाचं नाही. ती दोघांचे रिपोर्ट माझ्यापुढे ठेवते. हिमोग्लोबिन ए-टू दाजींचं ५.२, तिचं ४.९. साडेतीनच्या वर गेलं की बहुधा ‘मायनर’, म्हणजे वाहक. दोघंही धडधाकट, पण दोघंही मायनर. मग प्रत्येक खेपेला चारांत एक शक्यता मूल या पोरासारखं होण्याची. सायप्रसमध्ये चर्चमध्ये लग्न लावायचं तर ही तपासणी केल्याचा दाखला मागतात. आमच्याकडे पत्रिका मागतात.

“ते डबल मार्कर करतात ना, त्यात नाही कळत?” मी विचारते.

“नाही अक्का. ते डाऊन सिंड्रोमसाठी. नेहमीची एनआयपीटी केली तरी ती रंगसूत्रं जास्त-कमी आहेत का तेवढंच बघते. हे त्यात सापडत नाही.”

ती बोटांवर मोजून दाखवते. आधी त्या दोघांच्या रक्तातून जनुकात नेमका बदल कुठला ते शोधायचं. भारतात बहुतेक घरांत ठरावीक पाच बदलांपैकीच एखादा निघतो. ते कळलं की ११ ते १३ आठवड्यांत सुईनं वारेचा बारीकसा तुकडा काढायचा, नाहीतर सोळाव्यानंतर गर्भजल. मुंबईत परळला केईएमच्या आवारात इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथं ही तपासणी होते. वार हुकली तर गर्भजलापर्यंत थांबायचं, मग रिपोर्टची वाट. तोवर पोट दिसायला लागतं. गर्भपाताला कायद्यानं आधी वीस आठवडे होते, २०२१ पासून अशा कारणांसाठी २४ केलेत. “पण आठवडे वाढले म्हणून सोपं होतं व्हय?” ती म्हणते.

शेजारच्या काकू छत्री झटकत दारातूनच विचारतात, “तपासायला जाताय म्हणे? मुलगा का मुलगी, कळतंय की त्यात.”

“ते सांगणं गुन्हा आहे, काकू.” बहिणीचा आवाज चढतो. महाराष्ट्रात १९८८ पासून आणि देशभर १९९४ च्या कायद्यानं. त्याच कायद्यानं रक्ताच्या अशा आजारांसाठी गर्भ तपासायला मुभा दिलीय. सुईतला धोका बाईला समजेल अशा भाषेत सांगून तिची लेखी संमती घ्यायची, हेही त्यातच आहे. फॉर्म कन्नड-इंग्रजीत होता. तिनं सिस्टरला बसवून तो मराठीत समजून घेतला, मगच पिशवीत टाकला. सही अजून केलेली नाही.

“सुईनं पोर गेलं तर?” आत्या तांदळातून नजर न काढता विचारते.

“शंभरात एखादं, किंवा त्याहून कमी.”

“आणि तसलंच निघालं तर? मग ह्याला काय सांगायचं, तू नको होतास म्हणून?”

“आजी, मला ऐकू येतंय,” पोरगा म्हणतो. मग मामीकडे वळून, “पोटाला टोचणार? आधी बर्फ लाव. कमी दुखतं.”

बहीण त्याच्या डोक्यावरून हात फिरवते आणि त्याच्यादेखतच बोलते. “आत्या, कळून घेणं वेगळं आणि पुढचं वेगळं. आधी कळू दे. ठेवायचं ठरलं तर पहिल्या दिवसापासून तयारीत राहू. नाही ठरलं तर तेही आम्ही दोघंच ठरवू. ह्याचं कळेपर्यंत तुम्ही किती दवाखाने फिरलात?”

आत्या खडा काढून बाजूला टाकते. बराच वेळ काही बोलत नाही. मग माझ्याकडे बघून म्हणते, “तुझ्या बापाच्या पाठची दोन पोरं वर्षाच्या आत पांढरी पडून गेली. आई म्हणायची, घराला नजर आहे.”

हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. आत्याचं माहेर म्हणजे आमचंच घर. दाजी बेळगावला फोन लावून सोमवारची वेळ घेतायत. बहीण खूण करते, “अक्काचं पण नाव घाला.” मी मान हलवते. माझी लेक कॉलेजात आहे.

“माझं पण रक्त घ्या म्हणावं,” आत्या म्हणते.

“आता तुमचं कशाला, आई?” दाजी फोनवर हात ठेवून विचारतात.

“कशाला म्हणजे? धाकट्याला स्थळं बघतोय नव्हं? मुलीकडच्यांना सांगायला नको?”