गॅस गेला असन!

तर मंडळी, आधीच सांगून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ इकडचं तिकडे झालं असेल तर संपादकांनी सांभाळून घ्यावं. मशीनच्या बाबतीत मात्र अशी सूट मागता येत नाही. कारण पुढे जो घोळ सांगणार आहे तो मी मेकॅनिकलच्या थर्ड इयरला असून केला!

गोष्ट आमच्या एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिराची. देवळी तालुक्यातलं गाव, मार्चचा शेवट, अकरा वाजताच उन्हाचे चटके. डोळे तपासायला एक व्हॅन आली होती. मिनी बसची बॉडी, आत चष्म्याचा नंबर काढायचं मशीन, मागच्या भिंतीत १ टनाचा विंडो एसी आणि खाली जनरेटर. नंबर काढायला अंधार लागतो, म्हणून आम्ही पोरींनी सकाळीच मागच्या बाजूने काळा जाड पडदा लावून दिला. मॅडम म्हणाल्या, “छान!” आम्ही खूश.

पण साडेअकरापासून एसीचं नाटक सुरू. कॉम्प्रेसर घर्रर्र चालू व्हायचा, दोन-तीन मिनिटांत ‘टक’ करून बंद. पंखा मात्र चालूच. परत दोन मिनिटांनी घर्रर्र, की जनरेटर कण्हायचा आणि आतले दिवे मंद व्हायचे. मशीनवर हनुवटी टेकवून बसलेल्या एका आजींना घेरी आली. त्यांना बाहेर नेऊन पाणी पाजलं. मॅडमनी सांगितलं, अर्ध्या तासात गार नाही झालं तर तपासणी बंद. बाहेर रांगेत पन्नासेक म्हातारी माणसं. काही तर शेजारच्या गावाहून चालत आलेली.

ड्रायव्हर काकाजी म्हणाले, “ग्यास गेला असन, ताई. दुसरं काय रायते?”

आणि मी, भावी इंजिनीयर, मान डोलावून म्हणाले, “हो, गॅसच.” वर्ध्याच्या मेकॅनिकला फोन झाला. गॅस भरायचे अडीच हजार. मेसच्या पैशातून काढायचे ठरले. म्हणजे उरलेले दिवस खिचडी!

तेवढ्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या मैत्रिणीने साधा प्रश्न विचारला, “अगं, पण गॅस संपला तर तो बंद कशाला होईल?”

मी गप्प. कारण उत्तर मला येत होतं, फक्त आठवलं नव्हतं.

बंद कोण करतं?

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत गोल-गोल फिरतो. आत उष्णता घेतो, बाहेर टाकतो. कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि ते न शोधता नुसता भरला तर पैसे हवेत! शिवाय साध्या विंडो एसीत गॅस कमी झाला की खोली गार होत नाही. मग थर्मोस्टॅटचं समाधान होत नाही आणि कॉम्प्रेसर थांबायच्या ऐवजी चालतच राहतो. आमचा तर उलट लगेच थांबत होता.

अशा एसीचा कॉम्प्रेसर थांबवणारे मुख्यतः दोघंच. एक थर्मोस्टॅट. तो म्हणतो, “झालं गार, आता पुरे.” दुसरा ओव्हरलोड. तो म्हणतो, “मोटार तापली, आता मरेल.” दोघांत फरक कसा ओळखायचा? ओव्हरलोड ट्रिप झाला असेल तर कॉम्प्रेसर निवेपर्यंत चांगला वेळ जातो आणि नॉब कितीही फिरवा, ढिम्म. व्होल्टेज कमी असलं, बाहेरची जाळी धुळीने बुजली किंवा कपॅसिटर गेला की हा प्रकार होतो. थर्मोस्टॅटने बंद केला असेल तर नॉब जास्त गारवर नेला की तो परत सुरू होतो. पण आधी तीन मिनिटं थांबायचं. थांबल्या थांबल्या दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं झालेलं नसतं. तशात मोटार ओढायला गेली तर नेहमीच्या कितीतरी पट करंट घेते. जनरेटर कण्हत होता तो त्यामुळेच. स्टॅबिलायझरमध्ये ‘टाइम डिले’ असतो तोही याचसाठी.

आम्ही तीन मिनिटं मोजली, नॉब फिरवला, कॉम्प्रेसर सुरू! म्हणजे आरोपी थर्मोस्टॅट. पण तो “झालं गार” का म्हणत होता, आत तर भट्टी होती?

मैत्रिणीने मल्टिमीटरची थर्मोकपल वायर काढली. पेशंटच्या खुर्चीजवळ ३६ अंश. एसीच्या पुढच्या जाळीजवळ, जिथून तो खोलीतली हवा परत ओढतो, तिथे १७!

थर्मोस्टॅटचा बल्ब त्याच जाळीच्या मागे बसवलेला असतो. बिचाऱ्याला तेवढीच हवा कळते. आणि त्या जाळीसमोर वीतभर अंतरावर काय होतं? आमचा काळा पडदा! एसीतून निघालेली गार हवा पडद्यावर आपटून तशीच परत आत जात होती. थर्मोस्टॅट खरंच बोलत होता. खोटं आम्ही त्याला दाखवत होतो.

पडदा तीन फूट पुढे सरकवला. गार हवेची वाट आणि परतीची वाट यांच्यामध्ये बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा टेपने चिकटवला. परदेशातल्या कॅम्पर गाड्यांच्या छतावर एसी असतो, त्यातही या दोन वाटांमधलं पार्टिशन सुटलं की हाच आजार होतो म्हणे. मग काकाजींनी गाडी कडुनिंबाखाली लावली. हेही महत्त्वाचं. सेवाग्रामची बापूकुटी मातीच्या भिंतींची, उष्णता आत यायला वेळ लागतो. आमच्या गाडीचा पत्रा, पाच मिनिटांत तवा!

अर्ध्या तासात खुर्चीजवळ २९. कॉम्प्रेसर न थांबता चालत होता आणि या वेळी ते चांगलं लक्षण होतं. त्या आजी परत आत आल्या, नंबर निघाला. मेकॅनिकला फोन करून येऊ नका म्हटलं.

होस्टेलवाल्यांसाठी

आपल्याकडे राज्य कूलरचं, पण कॉम्प्युटर लॅब आणि गेस्टरूममध्ये एसी आहेत. तो सारखा चालू-बंद होऊ लागला तर मेकॅनिकच्या आधी एवढं पाहा:

१. समोर पडदा, कपाट, वाळत घातलेला टॉवेल (हो, पाहिलाय!) नाही ना?
२. फिल्टर शेवटचा कधी धुतला? आत बर्फ साठला असेल तर एसी बंद करून तो वितळू द्या.
३. बाहेरच्या युनिटला मोकळी हवा आहे का? त्याच्या पाठीला पोती लावू नका.
४. व्होल्टेज किती आहे? संध्याकाळी मोजा.
५. छोट्या खोलीत फार मोठा एसी असेल तरी तो लगेच थांबतो. “मोठा घेतला म्हणजे छान” असं नसतं.
६. बंद केल्यावर तीन मिनिटं हात लावू नका.

एवढं करूनही जमलं नाही तर मेकॅनिकला बोलवाच. उघडून आत हात घालू नका, कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देतो.

मला मात्र अजून तो “हो, गॅसच” आठवला की लाज वाटते. विषय पास होते, पण चारचौघांत सगळे म्हणतात तेच म्हणून मोकळी झाले होते. निघताना काकाजी म्हणाले, “म्हंजे ग्यास होताच म्हना की!”

हो काकाजी, होताच.