६०४ पेन्सचा शेअर आणि गेमरची धास्ती

नोव्हेंबर २०२० मध्ये टेक-टू या अमेरिकी कंपनीने वॉरिकशरमधल्या कोडमास्टर्स या गेम स्टुडिओसाठी शेअरमागे ४८५ पेन्स देऊ केले. पाचच आठवड्यांत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, मध्ये पडली आणि ६०४ पेन्सची बोली लावून तिने सौदा खिशात टाकला. एकूण किंमत सुमारे १२० कोटी डॉलर. हाच शेअर २०१८ मध्ये लंडनच्या बाजारात २०० पेन्सला आला होता. अडीच वर्षांत तिप्पट पैसे मिळाल्यावर भागधारकांना तक्रारीला जागा उरली नाही. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी व्यवहार पूर्ण झाला.

धास्ती घेतली ती गेम खेळणाऱ्यांनी. रिचर्ड आणि डेव्हिड डार्लिंग या भावांनी १९८६ मध्ये उभी केलेली ही कंपनी मोटारशर्यतींच्या गेमसाठी ओळखली जायची. १९९८ च्या ‘कॉलिन मॅक्रे रॅली’पासून तिच्या रॅली गेमवर एक अख्खी पिढी पोसलेली होती. मोठी कंपनी आली की आधी मालिका बंद होतात, मग माणसे जातात, शेवटी सर्व्हर बंद होतो, अशी ही भीती असते. बाजाराचे जाणकार तिला भाबडेपणा म्हणून बाजूला सारतात. ब्रिटनमधल्या सौद्यांच्या तारखा आणि किमती ओळीने मांडल्या की माझ्या मते ती भीती बरीचशी खरी ठरते. फक्त घाव सौद्याच्या दिवशी पडत नाही, पुष्कळ उशिरा पडतो आणि भलत्याच बाजूने पडतो.

कोडमास्टर्सचेच पुढे पाहू. तिने स्वतः नोव्हेंबर २०१९ मध्ये लंडनचा स्लाइटली मॅड हा स्टुडिओ विकत घेतला होता. म्हणजे पंधरा महिन्यांत त्या स्टुडिओने दोन मालक पाहिले. त्याच्या ‘प्रोजेक्ट कार्स’ या गेमसाठी २०११ पासून खेळाडूंनी स्वतःचे पैसे घातले होते. गेम घडत असताना ते चाचण्या घ्यायचे, सूचना करायचे. असा गेम २०१५ मध्ये बाजारात आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये, ईएने ताबा घेतल्यानंतर २१ महिन्यांनी, मालिका बंद झाल्याचे जाहीर झाले. पहिले दोन भाग त्याआधीच परवान्यांची मुदत संपल्याने दुकानातून उतरवले गेले होते. ज्यांनी पायाभरणीला पैसे दिले त्यांना या निर्णयात कुणी विचारले नाही. विचारण्याचे बंधनही कुणावर नव्हते, आणि मला खरा प्रश्न तिथेच दिसतो.

रॅलीची मालिका अधिक टिकली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डब्ल्यूआरसी’ या जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेचा नवा गेम आला. ३० एप्रिल २०२५ रोजी कोडमास्टर्सने कळवले की पुढचे रॅली गेम तूर्त थांबवत आहोत. सोबत नोकरकपातही झाली. १९९८ पासून मोजले तर सत्तावीस वर्षांची परंपरा, त्यातली ईएच्या मालकीची जेमतेम चार. फॉर्म्युला वनचे गेम मात्र चालू राहिले, कारण तिथे प्रेक्षक मोठा आहे.

आता जरा मागे जाऊ. गिल्डफर्डची बुलफ्रॉग ही ‘थीम पार्क’ आणि ‘थीम हॉस्पिटल’वाली कंपनी. ईएने १९९५ मध्ये ती घेतली आणि २००१ मध्ये ती ईएच्या ब्रिटिश शाखेत विरघळली. सहा वर्षे. लिव्हरपूलची सिग्नोसिस सोनीने १९९३ मध्ये घेतली, २०१२ मध्ये टाळे लावले. एकोणीस वर्षे. ‘फेबल’ बनवणारा लायनहेड मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये घेतला, २०१६ मध्ये बंद केला. दहा वर्षे. चेशरचा इव्होल्यूशन सोनीकडे २००७ ते २०१६, नऊ वर्षे. चौघांची सरासरी अकरा वर्षे येते. ही सरासरी जपून वापरावी, कारण यात फक्त बंद पडलेले मोजले आहेत. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये ३७.५ कोटी डॉलरना घेतलेला रेअर चालू आहे. सेगाने २००५ मध्ये घेतलेला हॉर्शमचा क्रिएटिव्ह असेंब्लीही आहे. तरीही एवढे नक्की कळते की सौदा झाल्यावर पहिल्या वर्षी ‘काही बदलणार नाही’ असे जे सांगितले जाते ते बहुधा प्रामाणिकपणेच सांगितले जाते. सांगणारा माणूस दहा वर्षांनी त्या खुर्चीत नसतो, एवढेच.

बंद पडताना नेमके काय मागे राहते, यासाठी लायनहेडचे उदाहरण बोलके आहे. स्टुडिओ गेला, पण ‘फेबल’ हे नाव मायक्रोसॉफ्टच्या तिजोरीत राहिले. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने लेमिंग्टन स्पाचा प्लेग्राउंड गेम्स घेतला आणि २०२० मध्ये नवा ‘फेबल’ तिथून येणार असल्याचे जाहीर केले. नाव तेच, हात दुसरे.

याची उलटी बाजू अधिक विचार करायला लावते, म्हणून तिथे थोडे थांबतो. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांनी १९९२ मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ आणला. संघ निवडा, खेळाडू विकत घ्या, निकाल वाचा, असा आकड्यांनी भरलेला फुटबॉल व्यवस्थापनाचा गेम, आणि ब्रिटनमध्ये त्याचे वेड लागलेले लोक होते. त्यांचा स्टुडिओ स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह आणि प्रकाशक आयडॉस २००३ मध्ये वेगळे झाले. वाटणीत आयडॉसकडे नाव राहिले. स्टुडिओकडे राहिला मूळ कोड आणि खेळाडूंच्या माहितीचा प्रचंड साठा, जो जगभरातल्या हौशी निरीक्षकांनी वर्षानुवर्षे भरला होता. स्टुडिओने २००४ च्या अखेरीस ‘फुटबॉल मॅनेजर’ या नव्या नावाने गेम काढला. ग्राहक नावाच्या मागे जातील की माणसांच्या, याची इतकी स्वच्छ परीक्षा क्वचितच होते. ते माणसांच्या मागे गेले. जुने नाव काही वर्षांत क्षीण होत गेले आणि नव्याने बाजार काबीज केला.

सेगाने २००६ मध्ये हा स्टुडिओ घेतला. जवळपास वीस वर्षे दरवर्षी गेम आला. मग २०२५ च्या फेब्रुवारीत त्या वर्षीचा गेमच रद्द झाला. तो हवा तसा जमला नाही, असे स्टुडिओने सांगितले. यात मालकाला खलनायक ठरवण्याचे कारण मला दिसत नाही. उलट अर्धाकच्चा गेम विकण्यापेक्षा रद्द केला, हे चांगलेच झाले. बड्या मालकाकडे तेवढी गंगाजळी असते, छोट्या स्टुडिओला अशा एका रद्द वर्षात गाशा गुंडाळावा लागला असता. विक्रीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा मुद्दा खरा आहे आणि गेमरनी तो मान्य करायला हवा.

गेमर सगळे एका सुरात विरोध करतात, असेही नाही. मायक्रोसॉफ्टने अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड या गेम कंपनीसाठी ६,८७० कोटी डॉलर देऊ केले तेव्हा ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने लोकांची मते मागवली. विचारात घेतलेल्या सुमारे २,१०० ईमेलपैकी तीन चतुर्थांश सौद्याच्या बाजूने होत्या. अनेकांची आशा अशी की एका मासिक वर्गणीत जास्त गेम मिळतील. आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये सौदा अडवला, कारण क्लाउड गेमिंगचा, म्हणजे दूरच्या सर्व्हरवरून इंटरनेटने गेम खेळण्याचा, ६० ते ७० टक्के बाजार मायक्रोसॉफ्टकडे आहे असा त्याचा अंदाज होता. क्लाउडचे हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला देण्याचे ठरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. त्या ईमेल आल्या तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या योजनेची वरची वर्गणी ब्रिटनमध्ये महिना १०.९९ पौंड होती. २०२३ च्या जुलैत ती १२.९९ झाली, २०२४ च्या सप्टेंबरात १४.९९, आणि १ ऑक्टोबर २०२५ रोजी २२.९९. वर्षाला १४४ पौंडांचा फरक. वाढीव किमतीत जास्त सेवा मिळतात, असे कंपनी म्हणते, आणि काही मिळतातही. पण ज्यांनी त्या हव्या म्हणून मागितल्या नव्हत्या त्यांच्या खिशातूनही पैसे गेले.

या सगळ्यात खेळाडूंचा शब्द चालतो अशी एक जागा आहे, केंब्रिजची जॅगेक्स. तिचा ‘रूनस्केप’ २००१ पासून चालू आहे. २०१६ मध्ये कंपनी चिनी मालकाकडे गेली, २०२० मध्ये तिथून अमेरिकी गुंतवणूकदारांकडे ५३ कोटी डॉलरना, २०२१ मध्ये कार्लाइलकडे, २०२४ मध्ये सीव्हीसी आणि हवेली यांच्याकडे. वृत्तांनुसार या शेवटच्या सौद्याची किंमत ९० कोटी पौंडांच्या घरात होती. आठ वर्षांत चार मालक. तरी ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मध्ये नवी गोष्ट आणायची तर आधी खेळाडूंचे मतदान होते. २०२२ पर्यंत ७५ टक्के मते लागायची, आता ७० लागतात. हा गेम सुरूच झाला तो २०१३ च्या मतदानातून, साडेचार लाखांच्या आसपास मते पडल्यावर. २०२५ च्या जानेवारीत कंपनीने एका सर्वेक्षणात वर्गणीदारांना जाहिराती दाखवण्याची कल्पना चाचपून पाहिली. खेळाडू खवळले आणि कंपनीच्या प्रमुखांना माफी मागावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मूळ ‘रूनस्केप’मधला ट्रेझर हंटर हा पैसे उकळणारा भाग काढावा का, यावर मतदान ठेवले गेले आणि एक लाख मतांचे उद्दिष्ट पार झाले. मालक कितीही बदलले तरी मताचा हक्क गेमच्या घडणीतच बसवलेला असेल तर तो काढून घेणे अवघड जाते, हे मला जॅगेक्सवरून पटते.

असा हक्क नसेल तर काय होते ते गिल्डफर्डच्या मीडिया मॉलिक्यूलच्या ‘लिटलबिगप्लॅनेट’ने दाखवले. सोनीने हा स्टुडिओ २०१० मध्ये घेतला. खेळाडूंनी त्या गेममध्ये एक कोटीहून अधिक पातळ्या स्वतः रचल्या होत्या. २०२१ मध्ये जुन्या प्लेस्टेशन ३ चे सर्व्हर कायमचे बंद झाले, २०२४ मध्ये उरलेलेही. कारण तांत्रिक दिले गेले. अशाच चिडीतून ब्रिटिश संसदेकडे गेम बंद करण्याविरुद्ध अर्ज गेला, एक लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि ३ नोव्हेंबर २०२५ रोजी चर्चा झाली. कायदा बदलण्याचा विचार नाही, असे सरकारचे उत्तर होते.

मराठी वाचकाला हे परके वाटत असेल तर शेफील्डची सुमो ही गेम कंपनी पाहावी. २००७ मध्ये तिचा एक स्टुडिओ पुण्यात उभा राहिला. १०० पेन्सला बाजारात आलेला सुमोचा शेअर टेन्सेंटने ५१३ पेन्सला घेतला, एकूण ९१.९ कोटी पौंडांना. सौदा २०२२ च्या जानेवारीत पूर्ण झाला. २०२४ मध्ये १५ टक्क्यांपर्यंत कपातीची घोषणा आली. २०२५ मध्ये ठरले की यापुढे स्वतःचे गेम काढायचे नाहीत, फक्त इतरांसाठी काम करायचे. सुमोने २०१८ मध्ये २२ लाख पौंडांना घेतलेला ब्रायटनचा चायनीज रूम त्या धोरणात बसेना. त्याच्या ‘स्टिल वेक्स द डीप’ला तीन बाफ्टा मिळाले होते. शेवटी जुलै २०२५ मध्ये स्टुडिओच्या व्यवस्थापकांनीच तो परत विकत घेतला, काही सहकाऱ्यांना निरोप देऊन. अशी सुटका फार थोड्यांच्या वाट्याला येते.

आणि २०२५ मध्ये तर खरेदी करणाराच विकायला निघाला. त्या सप्टेंबरात सौदीचा सार्वजनिक गुंतवणूक निधी, सिल्व्हर लेक आणि अॅफिनिटी पार्टनर्स यांनी ईए ५,५०० कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. त्यातले २,००० कोटी कर्जाचे. अशा व्यवहारात कर्ज विकल्या गेलेल्या कंपनीच्याच माथी बसते आणि तिच्या कमाईतून फेडले जाते. म्हणजे वॉरिकशरचे कोडमास्टर्स पाच-सहा वर्षांत तिसऱ्या मालकाकडे जाण्याचे ठरले. थोड्या प्रेक्षकांच्या रॅली गेमला त्या हिशेबात किती जागा आहे, ते एप्रिल २०२५ मध्येच, हे कर्ज डोक्यावर नसताना, दिसून गेले होते.